अंकीय ध्वनिसंस्करक : दोषशोधन व पुनर्स्थापन

मायक्रोफोन, ध्वनिमुद्रक किंवा तत्सम साधनाकडून आलेल्या विद्युत् संदेशाचे अंकांच्या मालिकेत रूपांतर करून त्या अंकांवर गणिती क्रिया करणाऱ्या आणि त्यांतून पुन्हा विद्युत् संदेश तयार करून तो विवर्धकाकडे (संदेशाची शक्ती वाढविणाऱ्या साधनाकडे) पाठविणाऱ्या उपकरणाला अंकीय ध्वनिसंस्करक असे म्हणतात. व्यवसायात ते ‘डीएसपी’ किंवा नुसते ‘प्रोसेसर’ या नावाने ओळखले जाते. सभागृहे, रंगमंदिरे, मैदानी सभा, आकाशवाणीचे प्रेषक अशा अनेक ठिकाणी त्याचा उपयोग होतो. कपाटात बंद असलेले हे उपकरण श्रोत्यांना सहसा दिसत नाही. आवाज फाटू लागला किंवा अकस्मात बंद पडला, म्हणजेच त्याची आठवण होते.

अशा वेळी उपकरण पूर्वस्थितीत आणावे, म्हणजे ‘रीसेट’ करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. संगणक व दूरध्वनी यांच्या वापरातून ही सवय रूढ झाली आहे. ध्वनिसंस्करकाच्या बाबतीत मात्र ती अंशतःच उपयोगी आणि काही वेळा अनर्थकारक ठरते, कारण या उपकरणाचे खरे मोल त्याच्या मंडलांत नसून त्याच्या स्मृतीत साठविलेल्या अंकांत असते.

तत्त्व : ध्वनिसंदेशाची उंची ठराविक कालांतराने मोजली जाते. ध्वनिक्षेपण व्यवस्थेत सामान्यतः दर सेकंदाला ४८,००० नमुने घेतात. एखाद्या तरंगाचे यथार्थ अंकन होण्यासाठी नमुन्यांची कंप्रता (दर सेकंदाची संख्या) तरंगाच्या कंप्रतेच्या दुपटीहून अधिक असावी लागते. हे तत्त्व हॅरी नायक्विस्ट (१९२८) व क्लॉड शॅनन (१९४९) यांच्या कार्यातून प्रस्थापित झाले. प्रत्येक नमुना १६ द्विमान अंकांत लिहिल्यास ६५,५३६ पातळ्या मिळतात, तर हल्ली रूढ असलेल्या २४ अंकांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक मिळतात. १९८० च्या सुमारास असे गणित वेगाने करणारी संकलित मंडले एकेका सिलिकॉन चकतीवर बनू लागली आणि पूर्वी वेटोळी, धारित्रे व रोधक यांनी साधावे लागणारे काम केवळ गुणाकार-बेरजांनी होऊ लागले.

स्मृतीतील अंक : या अंकांमध्ये चार गोष्टी महत्त्वाच्या असतात. पहिली म्हणजे कंप्रतांची वाटणी किंवा क्रॉसओव्हर. खर्जाचे तरंग मोठ्या शंकूच्या ध्वनिक्षेपकाकडे (कर्ण्याकडे) व तीव्र स्वरांचे तरंग लहान पडद्याच्या ध्वनिक्षेपकाकडे धाडण्याचे हे काम असून त्यासाठी झीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली छानकरचना (ठराविक कंप्रता अडवून बाकीच्या जाऊ देणारी योजना) विशेष प्रचारात आहे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वरसंतुलन. सभागृहाच्या भिंती ज्या कंप्रता अवाजवी घुमवितात, त्या यात दाबल्या जातात. तिसरी विलंब व चौथी मर्यादक, म्हणजेच लिमिटर; संदेश ठरविलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणे हे त्याचे काम.

कारखान्यातून आलेल्या उपकरणात यांपैकी बहुधा काहीच भरलेले नसते. स्मृती पुसली गेली की बहुतेक उपकरणे त्याच कोऱ्या अवस्थेत जातात आणि प्रत्येक वाटेने सर्व कंप्रता मोकळ्या सोडतात. तीव्र स्वरांच्या ध्वनिक्षेपकातील टायटॅनियमचा पातळ पडदा अशा वेळी क्षणार्धात फाटू शकतो. त्याचे कारण सोपे आहे : एकाच आकाराच्या पडद्याने २,००० हर्ट्‌झऐवजी १०० हर्ट्‌झचा तितकाच मोठा ध्वनी द्यावयाचा, तर त्याला सु. ४०० पट हेलकावा घ्यावा लागतो. रीसेटनंतरची पहिली टाळी किंवा ढोलाचा पहिला ठोका सर्वांत महाग पडतो तो यामुळेच.

मर्यादकाला कायद्याचीही एक बाजू आहे. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिवर्धकाची पातळी त्या परिसरासाठी विहित केलेल्या मर्यादेहून १० डेसिबेल अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जी कमी असेल तिच्यापुढे जाऊ नये, असे बंधन आहे. निवासी भागात दिवसाची विहित मर्यादा ५५ व रात्रीची ४५ डेसिबेल आहे. पुष्कळ ठिकाणी हे बंधन संस्करकातील एका अंकाच्या आधारे पाळले जाते. तो अंक पुसला गेल्याचे चालकाच्या लक्षात येईलच, असे नाही.

नागपूरचे हवामान व विलंब : विस्तीर्ण मैदानावर मंचाजवळच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज मागच्या श्रोत्यांपर्यंत पुरेसा पोहोचत नाही, म्हणून मध्ये खांबांवर आणखी ध्वनिक्षेपक उभारतात. तारेतून संदेश तत्काळ पोहोचतो, पण हवेतून ध्वनी सावकाश येतो. त्यामुळे खांबावरील आवाज मुद्दाम उशिरा सोडला नाही, तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. नागपूर येथील कस्तूरचंद पार्कवरील सभा किंवा अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जमणारा लाखोंचा समुदाय यांचा विचार केला, म्हणजे या विलंबाचे महत्त्व कळते.

ध्वनीचा वेग तापमानाबरोबर वाढतो. १०° से. तापमानाच्या हवेत तो सेकंदाला सु. ३३७ मी., तर ४०° से. तापमानाच्या हवेत सु. ३५५ मी. असतो. नागपूरचे तापमान २३ मे २०१३ रोजी ४७.९° से. इतके चढले होते आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ते ३.५° से. पर्यंत उतरले होते. ही टोके वगळून मे महिन्यातील संध्याकाळ ४०° से. ची व डिसेंबरमधील रात्र १०° से. ची धरली, तरी मंचापासून ६० मी. अंतरावरील खांबापर्यंत ध्वनी उन्हाळ्यात सु. १६९ व हिवाळ्यात सु. १७८ मिलिसेकंदांत पोहोचतो. हा फरक ९ मिलिसेकंदांचा, म्हणजे सु. ३ मी. अंतराएवढा आहे.

एवढासा फरक कानाला कळतो काय? एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर जो आधी येतो त्याच्या दिशेनेच तो आल्याचा भास होतो, असे हेल्मूट हास यांनी १९४९ मध्ये प्रयोगाने दाखविले. या परिणामाचा लाभ घेण्यासाठी खांबावरचा आवाज हिशेबापेक्षा आणखी १० मिलिसेकंद उशिरा सोडतात. त्यामुळे वक्ता मंचावरूनच बोलत आहे असे वाटते. मे महिन्यात १६९ अधिक १० असा १७९ मिलिसेकंदांचा विलंब भरून ठेवला, तर डिसेंबरमध्ये त्यातील केवळ १ मिलिसेकंद शिल्लक उरतो. अशा स्थितीत आवाज खांबातून येऊ लागतो, शब्द पोकळ वाटतात आणि ‘प्रोसेसर बिघडला’ अशी तक्रार होते. वस्तुतः उपकरण निर्दोष असते. एक अंक बदलणे एवढाच त्यावर उपाय असून रीसेटने उलट उरलेले सर्व अंकही जातात.

दोषशोधन : दोष संस्करकात आहे की त्याच्या आधी वा नंतर, हे प्रथम ठरवावे लागते. उपकरणावरील प्रवेश-पातळीचे दिवे लागत नसतील, तर मायक्रोफोन, त्याची तार किंवा मिश्रक (मिक्सर) तपासावा. प्रवेशाचे दिवे लागतात पण निर्गमाचे लागत नाहीत, अशा वेळी एखादी वाट चुकून मूक केलेली असणे किंवा संदेशाची आतली वाटणी बदलली जाणे ही कारणे प्रथम पाहावीत. दोन्हीकडचे दिवे लागत असूनही आवाज नसेल, तर विवर्धक वा त्यापुढील तारा संशयित ठरतात. उजवी व डावी वाट यांच्या तारांची अदलाबदल ही जुनी युक्ती अद्याप सर्वांत विश्वासार्ह आहे. तारेबरोबर दोषही दुसऱ्या बाजूस गेला, तर तो अदलाबदलीच्या जागेच्या आधी आहे. जागच्या जागी राहिला, तर नंतर आहे.

घुमघुमाट हा दोष बहुधा बाहेरचा असतो. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने ५० किंवा १०० हर्ट्‌झचा खर्ज घुमू लागला, की दोन ठिकाणी झालेल्या भूसंपर्कनातून (अर्थिंगमधून) फिरणाऱ्या प्रवाहाचा संशय घ्यावा. रंगमंचावरील दिवे मंद केल्यावर आवाजात करकर वाढत असेल, तर दीपनियंत्रकाच्या तारा ध्वनीच्या तारांशेजारून नेलेल्या असतात. यावर उपाय म्हणून पुरवठ्याच्या तारेतील भूसंपर्काची तिसरी पिन काढून टाकण्याची पद्धत आढळते, ती सर्वस्वी त्याज्य आहे. घुमघुमाट थांबतो खरा, पण उपकरणात वीज उतरली तर ती मायक्रोफोन हातात धरलेल्या गायकापर्यंत पोहोचू शकते. त्यापेक्षा संदेशवाहक तारेत विलगक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) घालावे व सर्व उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज द्यावी.

टकटक असा नियमित आवाज येणे हा अंकीय व्यवस्थेचाच विशेष दोष होय. अंकीय तारेने जोडलेल्या सर्व उपकरणांनी एकाच स्पंदकाचा (घड्याळाचा) ताल पाळावा लागतो. दोन उपकरणे आपापल्या तालावर चालली आणि त्यांत दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तर ४८,००० नमुन्यांमागे जवळजवळ एक नमुना गळतो वा दुबार येतो. म्हणजे साधारण दर सेकंदाला एकदा टक असा आवाज होतो. टकटक समान अंतराने होत असेल, तर तालाचा दोष व अनियमित असेल, तर तारेचा वा जोडणीचा दोष, असा ढोबळ नियम सांगता येतो. पहिल्या प्रकारात एकाच उपकरणाला प्रमुख ठरवून इतरांना त्याचे अनुयायी करावे.

आवाज फाटण्याचे कारण बहुधा प्रवेश-पातळी वाजवीपेक्षा जास्त असणे हे असते. सदृश (अंकन न केलेल्या) संदेशात अतिरेक हळूहळू जाणवतो, तर अंकीय संदेशात सर्वांत मोठा अंक गाठला की तरंगाचा माथा एकदम कापला जातो. कापलेला माथा पुढे कोणत्याही गणिताने परत मिळत नाही, म्हणून पातळी मिश्रकावरच कमी करावी लागते.

विदर्भातील उन्हाळ्यात उष्णतेचा प्रश्न वेगळा राहतो. बंद कपाटातील हवा खोलीतील हवेहून पुष्कळ तापते आणि पंख्याच्या जाळीवर धूळ साचलेली असली, की उपकरण तासाभराने अडखळते व गार झाल्यावर पुन्हा सुरळीत चालते. विद्युत् विच्छेद्य धारित्राचे आयुष्य तापमानातील दर १०° से. वाढीमागे सु. निम्मे होते, हेही ध्यानात घ्यावे. जुन्या उपकरणांत स्मृती टिकविण्यासाठी ३ व्होल्टचा नाण्याएवढा लिथियम घट असतो. रोज सकाळी उपकरण कोऱ्या अवस्थेत सुरू होत असेल, तर तो घट संपलेला असतो. घट काढण्यापूर्वी अंकांची नोंद करून ठेवावी.

आकाशवाणीचे प्रेषक : आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेली आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूर येथील १,००० किलोवॉट शक्तीच्या मध्यम तरंग प्रेषकावरून १,५६६ किलोहर्ट्‌झवर प्रसारित होत असे. ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय डिसेंबर २०१८ मध्ये घेण्यात आला. अशा प्रेषकाआधी बसविलेल्या संस्करकावर मोठी जबाबदारी असते. परमप्रसर विरूपणाच्या पद्धतीत संदेश १०० टक्क्यांपर्यंत भरला, की १,००० किलोवॉट वाहक तरंगाची शिखरशक्ती क्षणभर ४,००० किलोवॉट होते. त्यापुढे गेल्यास आवाज विकृत होतो, शेजारच्या वाहिन्यांत अडथळा येतो आणि संरक्षक योजना प्रेषकच बंद करतात. येथे मर्यादकाचा अंक पुसला जाणे म्हणजे लक्षावधी श्रोत्यांचे रेडिओ मुके होणे होय.

पुनर्स्थापन : रीसेट हा एकच शब्द तीन निरनिराळ्या क्रियांना लावला जातो व त्यामुळे घोटाळा होतो. सर्वांत सौम्य क्रिया म्हणजे वीज बंद करून पुन्हा सुरू करणे. तीत स्मृती सहसा अबाधित राहते. गणित मध्येच अडकले असेल किंवा पुढील पट्टीवरील कळा प्रतिसाद देत नसतील, तर ती पुरेशी होते. मात्र क्रम पाळावा लागतो : प्रथम विवर्धक बंद करावेत, मग संस्करक, धारित्रांतील भार उतरण्यासाठी अर्धा मिनिट थांबावे, नंतर संस्करक सुरू करून तो स्थिरावल्यावरच विवर्धक सुरू करावेत. उलट क्रम केल्यास संस्करक सुरू होतानाचा धक्का विवर्धित होऊन ध्वनिक्षेपकांवर आदळतो.

दुसरी क्रिया म्हणजे पूर्वी साठवून ठेवलेली मांडणी परत बोलावणे. कोणीतरी अंक बदलून ठेवले असल्यास ती उपयोगी पडते. तिसरी, म्हणजे कारखान्यातील मूळ स्थितीत नेण्याची क्रिया, स्मृतीच विस्कळीत झाली असेल तरच करावी. सांकेतिक शब्द विसरला म्हणून ती केली जाते, असे पुष्कळदा घडते. परंतु एका शब्दासाठी साऱ्या मांडणीचे मोल त्यात मोजावे लागते. तिच्यासाठी दाबावयाच्या कळा प्रत्येक निर्मात्याच्या वेगळ्या असतात व त्या माहितीपुस्तिकेतूनच पाहाव्यात.

ही तिसरी क्रिया करण्यापूर्वी मांडणी संगणकावर उतरवून घ्यावी. शिवाय वाटणीच्या कंप्रता, छानकांचा उतार, विलंब व मर्यादकांच्या पातळ्या कागदावरही लिहाव्यात, कारण निर्मात्याचे सॉफ्टवेअर बदलले की जुनी नोंद उघडेलच अशी खात्री नसते. विवर्धकांकडे जाणाऱ्या तारा काढून ठेवाव्यात. उपकरणातील मूळ कार्यक्रम नव्याने भरावयाचा असेल, तर वीज मध्येच जाऊ नये यासाठी अखंड पुरवठ्याची सोय असावी. अर्धवट भरलेला कार्यक्रम उपकरण कायमचे निकामी करू शकतो.

अंक पुन्हा भरल्यावर तारा एकेक करून जोडाव्यात. प्रथम खर्जाची वाट, नंतर मधली व शेवटी तीव्र स्वरांची, अशा क्रमाने अत्यंत कमी पातळीवर सर्व कंप्रतांचा मिश्र रव सोडून प्रत्येक वाटेतून तिच्याच वाट्याचा आवाज येतो की नाही, ते ऐकावे. दोन शेजारच्या वाटा एकत्र चालू केल्यावर आवाज वाढण्याऐवजी मधल्या कंप्रतेवर खचला, तर एकीची ध्रुवता उलटी आहे, असे समजावे. रिकाम्या सभागृहात केलेली जुळणी भरलेल्या सभागृहात थोडी बदलते, कारण माणसांची शरीरे व कपडे तीव्र स्वर शोषतात. रेशीमबाग येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या सु. २,००० आसनांच्या कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या वास्तूंत हा फरक विशेष जाणवतो. त्यासाठी श्रोते आल्यानंतर, पहिल्या काही मिनिटांत, स्वरसंतुलनावर शेवटचा हात फिरवावा लागतो.