गाव लहान, वाट लांब

खेड्यातील आरोग्याचा विषय निघाला की आम्ही डॉक्टर मंडळी पाणी, पोषण, लसीकरण यांविषयी आवर्जून बोलतो. परंतु गावाची लोकसंख्या आणि गावापर्यंतची वाट यांचा आरोग्याशी असलेला संबंध सहसा विचारात घेतला जात नाही. तो वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्याकडे सार्वजनिक सुविधा बहुधा डोकी मोजून दिल्या जातात. सपाट प्रदेशात ५,००० लोकवस्तीमागे एक आरोग्य उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे एक. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच निकष अनुक्रमे ३०,००० व २०,००० असे आहेत. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने मैदानी प्रदेशासाठी किमान ५०० लोकवस्तीची अट घातली. पहाडी राज्ये, वाळवंटी प्रदेश आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रे यांना ती २५० पर्यंत शिथिल केली. कर्नाटकात पाचव्या अनुसूचीचे क्षेत्र नाही आणि हे राज्य पहाडीही गणले जात नाही. त्यामुळे खानापूर तालुक्यातील सह्याद्रीच्या कुशीतली वस्ती कितीही दुर्गम असली, तरी या हिशेबात ती मैदानीच ठरली.

आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्तोली, देगाव ही नावे बेळगावच्या डॉक्टरांना अपरिचित नाहीत. देगावच्या परिसरात तर म्हादई उगम पावते. पावसाळ्यात येथील नाले दुथडी भरून वाहू लागले की गावांचा संपर्क तुटतो. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झाल्यानंतर रस्त्याच्या कामाला वन्यजीव कायद्याच्या परवानग्यांचीही जोड लागली. जुलै २०२४ मध्ये आमगावातील एका आजारी महिलेला ग्रामस्थांनी तात्पुरत्या स्ट्रेचरवरून, भर पावसात, जंगलवाटेने वाहून आणले, ते वृत्त अनेकांच्या स्मरणात असेल.

यातून एक दुष्टचक्र निर्माण होते. रस्ता नाही म्हणून तरुण कुटुंबे शिक्षणासाठी, रोजगारासाठी गाव सोडतात. गावाचा आकडा घटतो आणि आकडा घटला म्हणून रस्ता आणखी लांबणीवर पडतो. मागे राहतात ती प्रामुख्याने वृद्ध माणसे, म्हणजे ज्यांना वैद्यकीय मदतीची गरज सर्वाधिक, तीच.

थॅडियस व मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंब सांगितले: उपचार घेण्याचा निर्णय करण्यातील, रुग्णालयात पोहोचण्यातील आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील. आपण रुग्णाच्या नातलगांना पहिल्या विलंबाबद्दल दोष देतो. पण वाट बिकट असेल तर निर्णयही लांबतो. कारण चार खांदे जमवून निघण्याइतके दुखणे मोठे आहे का, हा विचार घरात आधी होतो. प्रसूतीनंतरचा तीव्र रक्तस्राव उपचाराअभावी सुमारे दोन तासांत जीव घेऊ शकतो. सर्पदंशातही वेळ मोलाचा असतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली तरी ती चाक जाईल तेथेच थांबणार.

म्हणून मी रुग्णाच्या पत्त्याबरोबर तीन गोष्टी केसपेपरवर लिहितो: वाहन कुठपर्यंत येते, तेथून पायी किती वेळ लागतो आणि पावसाळ्यात वाट बंद होते का. किलोमीटरपेक्षा हे तास अधिक खरे असतात. पावसाळ्यात प्रसूतीची तारीख असलेल्या मातेला आधीच रस्त्यालगतच्या नातलगांकडे आणण्याचा सल्ला त्यावरून देता येतो. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना संपूर्ण पावसाळ्याची औषधे पुरतील, अशी व्यवस्थाही करता येते.

अशा नोंदी अनेक दवाखान्यांतून एकत्र झाल्या, तर लोकप्रतिनिधींपुढे आणि जिल्हा प्रशासनापुढे ठेवण्यास ठोस आधार मिळेल. पुनर्वसन की रस्ता, हा निर्णय ग्रामस्थांच्या इच्छेनेच व्हावा. तथापि तो होईपर्यंत गावात राहणाऱ्यांची दुखणी थांबून राहत नाहीत. गावात ५०० माणसे असोत वा ५०, बाळंतिणीच्या रक्तस्रावाला मिळणारा अवधी तेवढाच असतो.