पदवी आणि पारख

मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि पारख करावी विद्यापीठानें, अशी ती वांटणी होती. १९०४ च्या कायद्यानें विद्यापीठांस शिकविण्याचीही मोकळीक मिळाली. परंतु परीक्षा हाच त्यांचा मुख्य व्यवहार राहिला. डॉ. राधाकृष्णन् यांच्या आयोगानें १९४९ च्या अहवालांत, एकच सुधारणा सुचवावयाची तर ती परीक्षांची, अशा आशयाचा अभिप्राय दिला होता.

२०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग पुरेशा तयारीवांचून केला. निकाल रखडले आणि कुलगुरूंस पद गमवावें लागलें. तेव्हां ओरड झाली ती विलंबाची, व ती योग्यच होती. पण निकाल वेळेवर लागले असते तर त्यांत नेमकें काय मोजलें गेलें, हा प्रश्न कितीजणांनीं केला असता?

हल्लीं नॅकसारख्या मूल्यांकन संस्थांच्या आग्रहामुळें ‘अध्ययन-निष्पत्ति’ हा शब्द रूढ झाला आहे. अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्यास काय करतां आलें पाहिजे तें आधीं लिहून ठेवावें, आणि मग तें खरोखर येतें कीं नाहीं हें तपासावें, एवढाच त्याचा अर्थ. ही कल्पना आम्हांस मान्य आहे. नमुना ठरवून माल पारखणाऱ्या व्यापाऱ्यास ती नवी वाटणार नाहीं. दुखणें निराळेंच आहे. पुष्कळ महाविद्यालयांत अध्यापक कोष्टकें भरीत बसतात: अमुक प्रश्न अमुक निष्पत्तीचा, अमुक टक्के विद्यार्थ्यांस ठरलेल्याहून अधिक गुण, सबब निष्पत्ति साधली. गुण मात्र त्याच घोकलेल्या उत्तरांचे. आणि किती टक्क्यांस ‘साधली’ म्हणावयाचें तेंही बहुधा महाविद्यालयच ठरविणार! तराजू आपला, वजनें आपलीं आणि पावतीही आपलीच.

वाणिज्य शाखेच्या पदवीधराची गोष्ट घ्या. त्याच्यापुढें एखाद्या दुकानाच्या महिन्याभराच्या पावत्या व बिलें, दोनचार गहाळ करून, ठेवावीं. त्यानें खतावणी करावी, आणि हिशेब जुळत नसेल तर कां जुळत नाहीं तें सांगावें. त्याचें काम बाहेरच्या एखाद्या जाणत्या हिशेबनिसानें पाहावें. तसेंच दरवर्षीं कांहीं उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडून, एकाचे गुण दुसऱ्यास न कळतां, तपासून घ्याव्या आणि गुणांतील अंतर विद्यापीठानें छापून प्रसिद्ध करावें. फी भरणाऱ्या आईबापांस व उमेदवारास दुकानांत ठेवणाऱ्या धन्यास तें पाहण्याचा हक्क आहे.

यास खर्च येईल, असें म्हटलें जाईल. येईलच. अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिकांच्या हिशेबानें माणसें लावावयाचीं आणि त्यांच्याकडूनच ढीगभर उत्तरपत्रिका उरकून घ्यावयाच्या, हा क्रम सरकारनें आधीं थांबविला पाहिजे. विद्यापीठाच्या अधिसभेनें हा विषय अंदाजपत्रकाच्या बैठकींत घ्यावा, अशी आमची सूचना आहे.