मुका मार

लिहायचं रीडिंग आणि म्हणायचं रेडिंग, हे भाचीने मला पॅडिंग्टनच्या फलाटावरच बजावलं. लंडनहून जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आत येणारं हे गाव आपल्या आयटीतल्या मंडळींना नोकरीमुळे ठाऊक असतं आणि वाङ्मयाच्या लोकांना ऑस्कर वाइल्डच्या तुरुंगामुळे. माझ्या कात्रणांच्या वहीत मात्र ते एकाच तारखेखाली चिकटवलेलं आहे : १४ ऑक्टोबर २००६. तो तुरुंग मी बाहेरूनच पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी भाचीला एम-फोर महामार्गाजवळच्या फुटबॉल स्टेडियमवर घेऊन चल म्हणालो.

१८७१ साली स्थापन झालेला रीडिंगचा क्लब त्या वर्षी, म्हणजे तब्बल १३५ वर्षांनी, प्रथमच अव्वल श्रेणीत पोचला होता. समोर गतविजेता चेल्सी. सामना सुरू होऊन एक मिनिटही झालं नव्हतं. चेल्सीचा चेक गोलरक्षक पेत्र चेक चेंडू अडवायला खाली झेपावला आणि धावत आलेल्या स्टीफन हंटचा गुडघा त्याच्या कवटीवर बसला. त्याच्या जागी कार्लो कुदिचिनी आला. शेवटच्या मिनिटांत हवेत झालेल्या धडकेत तोही बेशुद्ध पडला. बदली खेळाडू उरले नव्हते, म्हणून कप्तान जॉन टेरी, म्हणजे बचावपटू, गोलरक्षकाची जर्सी चढवून गोलात उभा राहिला. एका संघाचे दोन गोलरक्षक एकाच दुपारी डोक्याला मार लागून बाहेर! चेल्सीने सामना १-० असा जिंकला. पण इतक्या वर्षांत त्या गोलविषयी मला कुणी विचारलेलं नाही.

चेकला आधी रॉयल बर्कशायर हॉस्पिटलमध्ये आणि तिथून ऑक्सफर्डला नेलं. कवटीचं हाड आत दबलं होतं. शस्त्रक्रिया करून धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. रुग्णवाहिका उशिरा आली, असा आरोप चेल्सीचे प्रशिक्षक जोझे मोरिन्हो यांनी केला आणि रुग्णवाहिका सेवेने तो फेटाळला. वाद कुणी जिंकला यात मला रस नाही. त्यातून निघालेला नियम मोलाचा आहे : पुढे प्रीमियर लीगच्या मैदानांवर केवळ खेळाडूंसाठी रुग्णवाहिका उभी ठेवणं बंधनकारक झालं. २० जानेवारी २००७ ला चेक लिव्हरपूलविरुद्ध परत उतरला, तो रग्बीवाल्यांसारखी गादीदार काळी टोपी हनुवटीखाली बांधून. २०१९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्याच्या डोक्यावर होती. नंतर तो आइस हॉकीत गोलरक्षक झाला, तेही इथून जवळच्या गिल्डफर्डच्या संघातून.

स्टेडियमच्या पायरीवर बसून मी ती टोपी आठवत होतो. आता रीडिंगचा संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला आहे. त्याच गवतावर २० वर्षं लंडन आयरिशचं रग्बीही चालायचं, म्हणजे डोक्याला डोकं आपटण्याचा खेळ. चेकची टोपी मला कित्येक वर्षं या विषयातला शेवटचा शब्द वाटायची. माझा समज चुकीचा होता.

टोपी हाड सांभाळते. मेंदू सांभाळत नाही. सुमारे १४०० ग्रॅमचा हा मऊ गोळा कवटीतल्या द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा गर्रकन वळलं की आत तो मागे राहतो आणि मज्जातंतूंचे बारीक धागे ताणले जातात. असे हादरे वर्षानुवर्षं बसले की काहींच्या मेंदूत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. बॉक्सरांमधलं हे दुखणं १९२८ सालीच नोंदलं गेलं होतं, आणि त्याचं पक्कं निदान अजूनही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मुका मार. वर खरचटलेलंही दिसत नाही, आणि आत ठणकत असतं.

वेस्ट ब्रॉमविचचा फुटबॉलपटू जेफ ॲसल २००२ साली ५९व्या वर्षी गेला. आयुष्यभर हेडर मारणारा हा माणूस शेवटी भ्रमिष्ट झाला होता. मृत्यूच्या चौकशीत कारण नोंदलं गेलं ते व्यवसायातून जडलेला आजार. गिरणी कामगाराच्या फुप्फुसात कापूस जावा, तसं. पुढे ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्ट यांनी ७,६७६ माजी स्कॉटिश व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. २०१९ साली निष्कर्ष आला : मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मृत्यू येण्याचं प्रमाण सर्वसामान्यांच्या साडेतीन पट. हृदयविकाराचे मृत्यू मात्र कमी. खेळाने शरीराचं भलंही केलं होतं. दोन वर्षांनी त्याच नोंदी खेळाच्या जागेनुसार मांडल्या, आणि तो तक्ता मी तीनदा वाचला. गोलरक्षकांना धोका सर्वसामान्यांएवढाच. बचावपटूंना सुमारे पाच पट. ज्याची कवटी साऱ्या जगासमोर फुटली त्याच्या जागेला धोका कमी, आणि सराव असो की सामना, चेंडूला निमूटपणे डोकं देणाऱ्यांना सर्वांत जास्त. जुना चामड्याचा चेंडू भिजून जड व्हायचा, त्याचा हा परिणाम, असंही म्हणता येत नाही. १९६०च्या दशकात जन्मलेल्यांतही धोका उतरलेला दिसला नाही.

आपण रक्ताला भितो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला वेगवान गोलंदाज ग्रिफिथचा चेंडू भारतीय क्रिकेट कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांच्यासह चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनी रक्त दिलं. ती गोष्ट आम्ही लहानपणी रामायणासारखी ऐकली. पण शाळेच्या कबड्डीत मी डावा कोपरा राखत असताना चढाई करणाऱ्याचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला, तेव्हा तोंडावर पाणी मारून ‘काही नाही, ऊठ’ म्हणत मला परत साखळीत उभं केलं. सामना कोण जिंकलं ते आठवत नाही. संध्याकाळी घराच्या गल्लीत वळायचं विसरून पुढे चालत गेलो, ते आठवतं. ब्रिटनमध्ये २०२३ साली हौशी खेळांसाठी सरळ नियम आखले गेले : शंका आली की बाहेर, आणि पुन्हा स्पर्धेत उतरायचं ते किमान २१ दिवसांनी. आपल्या प्रत्येक शाळेच्या मैदानावर, प्रत्येक तालमीच्या भिंतीवर हे ठळक अक्षरांत रंगवलं पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं. त्याला पैसा लागत नाही.

रविवारी सकाळी भाचीच्या मुलाचा सामना होता. नऊ वर्षांखालील मुलं, ओलं गवत, काठावर वाफाळत्या चहाचे कप धरलेले आईबाप. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने लहान मुलांच्या सामन्यांतून हेडर टप्प्याटप्प्याने काढून टाकायला २०२४च्या हंगामापासून सुरुवात केली आहे. समोरच्या गोलरक्षकाने चेंडू उंच उडवला. आमचा मुलगा चेंडूखाली बरोबर उभा होता. माझी मान नकळत ताणली गेली. माझ्या पिढीच्या कुणीही तिथे कपाळ पुढे केलं असतं. त्याने दोन पावलं मागे घेतली, चेंडूला टप्पा पडू दिला, छातीवर घेतला आणि डावीकडे सरकवला.

मध्यंतरात तो संत्र्याची फोड चोखत आला. ‘डोक्याने का नाही मारलास?’ मी विचारलं.

‘मामाआजोबा, तो फाउल असतो,’ तो म्हणाला आणि सुटलेली नाडी बांधायला चिखलाने भरलेला बूट माझ्या पुढे केला.