पोराचं शिक्षणकर्ज आणि बापाची सही

जून महिना आला की शेतकऱ्याच्या घरात दोन खर्च एकदमच येतात. एक खरिपाच्या बी-खताचा, दुसरा बारावी झालेल्या मुलामुलींच्या प्रवेशाचा. बी-खतासाठी सोसायटी आहे, पीककर्ज आहे. त्याची रीत आपल्याला वाडवडिलांपासून ठाऊक. शैक्षणिक कर्ज मात्र बऱ्याच घरांत पहिल्यांदाच येतंय, आणि शेतकरी बंधू त्याला पीककर्जाच्याच मापाने मोजतात. गडबड होते ती इथंच.

पीककर्ज वर्षातून एकदा, माल निघाल्यावर भरायचं. जुनं भरलं की नवं उचलता येतं. शैक्षणिक कर्जाचा हप्ता महिन्याच्या महिन्याला; पाऊस पडो न पडो, कांद्याला भाव असो नसो. माफीची आशा तर धरूच नये. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्या शेतीकर्जाच्या होत्या. पोराच्या फीचं कर्ज त्यात बसत नव्हतं.

मग सहीचं. साडेसात लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. ‘जमिनीला धक्का नाही ना, मग झालं,’ म्हणून वडील सही ठोकून मोकळे होतात. पण ती सही साक्षीदाराची नसते, सहकर्जदाराची असते. हप्ते थकले की सिबिलवर पोराबरोबर बापाचंही नाव खराब होतं. पुढं ट्रॅक्टर किंवा पाइपलाइनसाठी बँकेत गेलं की ते आडवं येतं.

व्याजाचा हिशोब कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथं मांडतो. शिक्षण संपून वर्षभर हप्ता नाही, हे खरं. पण व्याज पहिली रक्कम उचलली त्या दिवसापासून चालू असतं. समजा, चार वर्षांच्या शिक्षणाला दर वर्षी १ लाख उचलले आणि दर १० टक्के सरळव्याज धरला. हप्ता सुरू होईपर्यंत ४ लाखांवर १ लाख ४० हजार व्याज चढलेलं असतं. मग ५ लाख ४० हजारांवर हप्ता बसतो: दहा वर्षांची मुदत घेतली तर महिना सुमारे ७,१०० रुपये. पंधरा वर्षं घेतली तर ५,८०० वर येतो, हलका वाटतो. पण एकूण भरणा १० लाखांच्या पुढं जातो.

यावर उपाय आहे. शिकत असतानाच व्याज भरत जावं. पहिल्या वर्षी महिना साधारण ८३३ रुपये होतात, दुभत्या म्हशीच्या घराला जड नाहीत. चौथ्या वर्षी ते ३,३०० च्या घरात जातात, तेव्हा ओढाताण होईल. जमेल तेवढं तरी भरावं. असं नियमित भरणाऱ्यांना बऱ्याच बँका दरात एक टक्का सूटही देतात. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर २००९ पासूनच्या केंद्राच्या योजनेत तांत्रिक व व्यावसायिक शिक्षणाला या काळातलं व्याज सरकार भरतं. मात्र कॉलेज योजनेत बसतं का ते आधी बघा. उत्पन्नाचा दाखला बँकेत वेळेत द्या. पोरानं शिक्षण मध्येच सोडलं तर ही सवलत जाते.

कर्जाच्या आधी महाडीबीटीवर फी सवलत तपासा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी, एसईबीसी व ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पण प्रवेश शासनाच्या प्रवेश फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नाही. कोट्यासाठी कर्ज काढायला माझं मन तरी होत नाही.

बरेच बाप पोराला कर्जाचा आकडाच सांगत नाहीत, ‘तू फक्त शिक’ म्हणतात. माया समजते, पण उद्या हप्ता पोरालाच भरायचाय. त्याला बँकेत सोबत न्या. मोबाईल नंबर, पत्ता बदलला की कळवायचं, नोकरी लांबली तर हप्ता थकायच्या आधीच बँकेत जाऊन बोलायचं, हे त्याला मॅनेजरसमोरच समजू द्या. मंजुरीपत्राच्या दोन प्रती मागून घ्या. एक सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, दुसरी पोराच्या बॅगेत.