उंबराचं पाणी
त्र्यंबकहून हरसूलकडे जाताना ओहोळाच्या काठी उंबर हमखास भेटतो. उंबर असेल तिथे पाणी वरच लागतं, हे विहीर खणणाऱ्यांचं जुनं गणित. पण खुद्द उंबराच्या मुळातून पाणी काढतात, ते पाहायला उन्हाळ्यातली संध्याकाळ गाठावी लागते.

असं पाणी काढणाऱ्या एका बाबांनी हात जोडले आणि बुंध्यापासून बरंच लांब कुदळ मारली. जवळची जाड मुळं तोडली तर झाड दुखावतं. मनगटाहून बारीक मूळ लागताच कुदळ बाजूला ठेवून त्यांनी माती हातानेच उकरली, मूळ धुतलं आणि कोयत्याच्या एकाच घावात तिरकं छाटलं. पांढरा चीक आला, तो पुसून घेतला. मग झाडाकडचं टोक वाकवून खड्ड्यातल्या मडक्यात सोडलं, तोंडाला फडकं बांधलं आणि मुंग्या शिरू नयेत म्हणून वरून चिखल थापला. हे काम दिवसा का नाही? दिवसा पानं पाणी वर ओढत असतात. रात्री ती ओढ मंदावते.

सकाळी मडक्यात तांब्याभर पाणी होतं. चव किंचित तुरट. उष्णतेवर, गोवर-कांजिण्यांत ते देतात. "पोराला डॉक्टरकडे न्यावं ना, बाबा," मी म्हटलं. "नेतोच की! पण अंगातली आग गोळीनं जाती का?" औषध म्हणून मी या पाण्याची ग्वाही देणार नाही, पण थंडाव्याची समजूत आजची नव्हे. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांनी शमला, ही कथा गुरुचरित्रातही आहे.

वर खोडालाच लाल फळांचे घोस लगडलेले. एक फोडलं तर चिलटांएवढे किडे उडाले. पोरं फुंकर मारून तसंच तोंडात टाकतात. त्या किड्यांवाचून उंबराला बीच धरत नाही. त्याची फुलं फळाच्या पोटात असतात, आणि अंडी घालायला आत शिरणारी इवलीशी मादी दुसऱ्या उंबराचे पराग सोबत आणते.

बाबांनी छाटलेल्या टोकाला शेणमाती लावली, खड्डा बुजवला. पुढच्या खेपेला दुसऱ्या अंगाने खणायचं. हल्ली हे पाणी बाटल्यांतून विकायलाही असतं. बाबांकडेही एक गिऱ्हाईक कॅन घेऊन आलं होतं. "त्याला म्हटलं, कॅन भरायचा तर गोदावरीवर जा."