पासवर्ड बरोबर, तरी दार बंद का?



आपल्या संगणक कक्षातील सर्व्हर लिनक्सवर चालतो आणि मुलांचे संगणक विंडोजवर. या दोहोंमधील फाइलींची देवाणघेवाण 'सांबा' नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमुळे होते. त्याची पहिली आवृत्ती ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये काढली.

पासवर्ड बरोबर असूनही 'चुकीचा पासवर्ड' असे का येते, हे मुले नेहमी विचारतात. कारण असे, की सर्व्हरवर पासवर्डच्या दोन वह्या असतात. एक लिनक्सची, दुसरी सांबाची. विंडोज संगणक पासवर्ड जसाच्या तसा पाठवीत नाही. सर्व्हर एक आकडा देतो व संगणक पासवर्ड वापरून त्याचे उत्तर काढतो. ते तपासण्यासाठी लागणारी नोंद लिनक्सच्या वहीत नसते, म्हणून दुसरी वही लागते. पहिल्या वहीत पासवर्ड बदलला तरी दुसरीत तो आपोआप बदलतोच असे नाही.

अडचण आल्यास आम्ही या क्रमाने तपास करतो :

१) नेटवर्कची तार नीट आहे का? 'पिंग' केल्यावर सर्व्हर उत्तर देतो का?

२) नाव बरोबर लिहिले का? कॅप्स लॉक चालू राहिले का?

३) सांबाच्या वहीत नाव आहे का? नसल्यास 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या आज्ञेने घालावे.

४) फाइल उघडते पण सेव्ह होत नाही? मग परवानगी पाहावी. ती सांबात व लिनक्सच्या फोल्डरवर, दोन्हीकडे हवी. सांबाच्या सेटिंगमधील चुका 'टेस्टपार्म' दाखवतो.

५) फक्त जुना विंडोज एक्सपी संगणकच अडतो का? सांबाच्या २०१९ मधील ४.११ आवृत्तीपासून जुनी एसएमबी-१ पद्धत मुळातच बंद असते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा विषाणू विंडोजच्या याच पद्धतीतील दोषातून पसरला होता. म्हणून ती पुन्हा चालू करू नये.

वैतागून कोणी म्हणतो, "सगळे फोल्डर सर्वांना उघडे करा, कटकट मिटेल." कटकट मिटेल खरी, पण मग कोणीही कोणाचा प्रकल्प पुसू शकेल, गुणपत्रकात हात घालू शकेल. मुलांचे वर्षभराचे कष्ट असे वाऱ्यावर सोडता येणार नाहीत.

तेव्हा मुलांनो, आपला पासवर्ड मित्रालाही सांगू नका. पालकांनीही तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहू देऊ नये. विसरलात तर निःसंकोच सांगा; नवा करून देण्यास दोन मिनिटेही लागत नाहीत.