आधी अंदाज, मग माऊस

प्रयोगशाळेत तारा जोडल्या की दिवा लागतो; तारेतून काय वाहते, ते मात्र दिसत नाही. नोबेल विजेते कार्ल वायमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’च्या मोफत संगणकीय प्रयोगांत इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. त्यांतले काही प्रयोग मराठीतही आहेत. तिथल्याच २००५ च्या अभ्यासात, फेटवर शिकलेल्या विद्यार्थ्यांनी खरे सर्किटही प्रत्यक्ष उपकरणांवर शिकलेल्यांपेक्षा चांगले जोडले.

पण नुसते पडद्याकडे पाहून हे साधत नाही. ‘एकसर जोडणीत दुसरा दिवा लावला, तर पहिल्याचा उजेड वाढेल की घटेल?’ असे शिक्षकांनी आधी विचारावे, विद्यार्थ्यांनी अंदाज वहीत लिहावा, मगच माऊसला हात लावावा. चुकलेला अंदाज सहसा विसरला जात नाही.